डॉक्टरीणबाईंचा सायलेन्सर

आक्का माणसाच्या डोळ्यांत बघून बोलत नसत, दातांकडे बघून बोलत. घर बघायला मी पहिल्यांदा गेले तेव्हा माझं नाव, कऱ्हाड गाव, बँकेतली नोकरी, तंजावूरला झालेली बदली असं सगळं एका दमात सांगत होते आणि त्या माझ्या ओठांवर नजर लावून उभ्या होत्या. मला वाटलं, माझं मराठी त्यांना उमगत नसावं. माझं बोलणं संपल्यावर म्हणाल्या, "वरची उजवी दाढ झिजली आहे. झोपेत दात खातीस तू. कोणावर एवढा राग?"

"बदलीवर," मी म्हणाले.

"सरि. मग वरची खोली घे. भाड्याचं मागून बोलू."

राजवाड्याच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर होतं. गल्लीत मराठी बोलणारी आणखीही काही कुटुंबं होती, पण त्यांची मुलं मराठीत विचारलं की तमिळमध्ये उत्तर द्यायची. आक्का मात्र हट्टानं मराठी बोलत. ते ऐकून पहिले काही दिवस मला वाटायचं, माझ्या पणजीला कुणीतरी तमिळ शाळेत घातलं आहे. "काय करूलालीस?", "कोठे जाऊलालीस?" असं त्या विचारत आणि मध्येच "सरि, सरि", म्हणजे "बरं, बरं" म्हणून विषय मिटवून टाकत. देवनागरी त्यांना वाचता येत नसे. माझ्या टेबलावरचं मराठी मासिक उचलून त्या सुलट-उलट करून बघत. "आमची भाषा दिसायला अशी होय?" एकदा म्हणाल्या. "बरी दिसते."

आयुष्यभर त्यांनी त्याच घराच्या पुढच्या खोलीत दातांचा दवाखाना चालवला होता. लग्न केलं नव्हतं. मी राहायला गेले तेव्हा दवाखाना बंद होऊन काही वर्षं झाली होती, पण पेशंटची खुर्ची तशीच होती, वरच्या दिव्यासकट. सकाळी त्या खुर्चीत मागे रेलून, दिवा लावून त्या पेपर वाचत. पाहुणा आला की उठून त्याला तीच खुर्ची देत, त्यामुळे पाहुणे फार वेळ बसत नसत. गावातल्या निम्म्या लोकांच्या तोंडात त्यांचा हात जाऊन आलेला. गल्लीतून जाताना मोठमोठी माणसं त्यांच्या दारापाशी तोंड मिटून घेत. भाजीवाली तर पदर तोंडावर धरूनच भाव सांगायची, कारण तिला सांगितलेली एक दाढ तिनं अजून काढून घेतली नव्हती.

अशा बाईंनी दवाखाना बंद केल्यावर स्पोर्ट्स कार घेतली.

लाल, दोन माणसांची, जुनी, कोइंबतूरहून आणलेली. इतकी बुटकी की गल्लीतली गाय तिच्या टपावरून पलीकडे काय चाललंय ते बघायची. आक्कांची उंची बेताची, तरी त्यांनाही आत शिरताना आधी बसायचं, मग पाय उचलून घ्यायचे, मग साडी गोळा करायची असं टप्प्याटप्प्यानं जावं लागे. गल्लीत सगळ्यांनी आपापल्या परीनं कारण शोधलं होतं. कुणी म्हणे वयाचा परिणाम, कुणी म्हणे कुणा पेशंटची आठवण. मी सरळ विचारलं.

"आयुष्यभर कानाशी किंईंईं ऐकलं," त्या म्हणाल्या. "ड्रिलचा आवाज. तोंड लोकांचं, कान माझा. आता मज खालचा आवाज पाह्जे. पोटातून येणारा."

आणि नेमका तोच त्या गाडीत नव्हता. सायलेन्सर गंजून त्याला भोकं पडली होती आणि पुढचा सांधा गळत होता. इंजिन चालू केलं की त्या फटीतून धुराची बारीक, कर्कश शीळ निघायची. हुबेहूब ड्रिल. गाडी आणली त्या दिवशी त्यांनी ती दारात चालू केली, तेव्हा समोरच्या घरातला एक चांगला मिशीवाला गृहस्थ गालावर हात धरून आत गेला म्हणतात.

गॅरेजवाल्याकडे त्या मला घेऊन गेल्या; बँकेच्या काउंटरवर बसून मला एव्हाना तमिळ कळायला लागलं होतं. तो वाकून बघून माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "अम्मांना सांगा, विकून टाका. या वयात हे कशाला?" आक्कांनी त्याचं म्हणणं शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "आ कर." तो पूर्वीचा पेशंट असावा, त्यानं सवयीनं तोंड उघडलं. आक्कांनी आत बघितलं, मान हलवली, काही न बोलता गाडीत बसल्या. बिचारा नंतर तीन वेळा विचारायला आला की काय दिसलं. त्यांनी सांगितलं नाही.

मग त्यांनी ठरवलं, घरीच करायचं.

नवा सायलेन्सर कोइंबतूरहून आला. चकचकीत स्टीलचा, मागे मनगटाहून जाड तोंडाचा. आक्कांनी तो पेशंटच्या खुर्चीत आडवा ठेवला, दिवा खाली ओढला, हातमोजे घातले आणि तपासला. पुढचे दोन-तीन दिवस तो तिथेच पडून होता. मी सकाळी कामाला निघताना दारातून बघायचे तर त्याच्या मानेखाली उशी असायची.

संध्याकाळी आम्ही फोनवर व्हिडिओ बघायचो. एक परदेशी तरुण आपल्या अंगणात गाडीखाली झोपून सायलेन्सर बदलायचा, आणि आक्का मध्येच व्हिडिओ थांबवायच्या. मला वाटायचं, काही मुद्द्याचं असेल. "बघ," त्या म्हणायच्या, "खालचे पुढचे दात एकावर एक चढलेत. लहानपणी तार लावली असती तर..." त्या मुलानं पाना कोणत्या नंबरचा घेतला ते आमच्या दोघींच्याही लक्षात राहिलं नाही.

काम रविवारी करायचं ठरलं. आदल्या संध्याकाळीच त्यांनी सगळ्या गंजलेल्या बोल्टांवर गंज सोडवायचं तेल मारून ठेवलं. "भूल चढायला वेळ द्यायचा असतो," म्हणाल्या.

रविवारी सकाळी शेजारचे सार, म्हणजे तिकडच्या उच्चारात 'सर', कुंपणाशी आले. तालुका ऑफिसातून निवृत्त झालेले, उंच, ताठ, कपाळावर विभूतीचे पट्टे. त्यांची आणि आक्कांची भिंतीला भिंत लागून होती. दोन्ही घरांना पुढे तिण्णै होती, म्हणजे दाराशेजारचा बसायचा ओटा, आणि सार सकाळ-संध्याकाळ तिथे बसून गल्लीची हजेरी घेत. त्यांची नात त्यांच्याकडेच वाढली होती, एका खासगी शाळेत कॉम्प्युटर शिकवायची.

"डॉक्टरम्मा," ते म्हणाले, "आज नातीला बघायला पापनाशमची मंडळी येत आहेत. राहुकाळ संपल्यावर, सहानंतर. तेवढा वेळ ठोकाठोक नको."

"सार, चारलाच माझं झालेलं असेल," आक्का म्हणाल्या. "सहाला तुम्हाला माझ्या घरात माशीचासुद्धा आवाज येणार नाही."

हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. दोघंही खरं बोलत होते.

गाडी आम्ही मागच्या अंगणात घेतली. आक्कांनी सर्जरीचा हिरवा झगा घातला होता, डोक्याला टोपी, तोंडावर मास्क. जॅकनं गाडी उचलून खाली लोखंडी स्टँड लावल्यावर त्यांनी ती चारी बाजूंनी ढकलून बघितली. "पेशंट हलता कामा नये," म्हणाल्या, आणि सत्तरीच्या त्या बाई चटईवर पाठीवर पडून सरकत सरकत गाडीखाली दिसेनाशा झाल्या. मी बाहेरून हत्यारं द्यायची. पाने होते, पण त्यांच्या जोडीला दवाखान्यातला सगळा ट्रे होता. लांब दांड्याचा छोटा आरसा बोल्टच्या मागची बाजू बघायला, टोकदार सळई गंज खरवडायला, आणि वाटाण्याच्या शेंगेसारख्या आकाराचं स्टीलचं भांडं, ज्यात पूर्वी काढलेले दात पडायचे. आता त्यात बोल्ट पडणार होते, म्हणून खाली कापूस घातला होता.

पहिले दोन बोल्ट सहज आले. तिसरा हलेना. आक्कांनी मला खाली बोलावलं. मी पाना धरून सगळ्या अंगाचा जोर लावला.

"ओढू नकोस!" त्या ओरडल्या. "ओढून दात येत नाही, मोडतो. हलवायचा. थोडा इकडे, थोडा तिकडे. त्याला वाटलं पाहिजे की आपणच बाहेर पडूलालो."

मी पाना जरासा आवळला, जरासा सैल केला, पुन्हा आवळला. किती वेळ ते चाललं कुणास ठाऊक. घाम डोळ्यांत जात होता. मग कुठेतरी आत 'कट्' झालं आणि बोल्ट फिरला. आक्कांनी तो हातात घेऊन प्रकाशात धरला, सगळीकडून न्याहाळला. "मूळ अख्खं आलं," म्हणाल्या, आणि भांड्यात टाकला.

सायलेन्सर ज्या रबरी कड्यांना लटकतो ती कडी साबणाचं पाणी लावून, दाढा काढायच्या चिमट्यानं ओढून काढली. शेवटचं कडं सुटलं तसा जुना सायलेन्सर एकदम खाली आला आणि त्यातला गंज, काजळी, कुठल्यातरी उंदरानं जमवलेला कचरा असं सगळं माझ्या तोंडावर. मी खोकत उठून बसले. गाडीखालून आवाज आला, "आता चूळ भर."

नवा सायलेन्सर बसवायला वेळ लागला नाही. नवी गॅस्केट, नवे बोल्ट, नवी कडी. सगळं आवळून झाल्यावर खोक्यात एक प्लास्टिकची पिशवी उरली. त्यात हातभर लांबीची, भोकाभोकांची एक बारीक नळी होती आणि एक स्क्रू.

"आक्का, हे राहिलं."

त्यांनी चष्मा वर करून बघितलं. "ते जास्तीचं असेल. कोइंबतूरची माणसं मोठ्या मनाची."

चार वाजत आले होते. मधल्या वेळात शेजारी काय झालं होतं, ते आम्हाला मागच्या अंगणात गाडीखाली काही कळलं नाही. पापनाशमच्या मंडळींपैकी कुणा काकांनी वाटेत मोडता घातला होता की राहुकाळ संपेपर्यंत थांबण्यापेक्षा राहुकाळाआधीच उरकून घेऊ. व्हॅन दोन तास लवकर येऊन दारात उभी होती. आत चटया घालून झाल्या होत्या, शिरा आणि भजी पानांवर पडली होती, आणि नात रेशमी साडी नेसून कॉफीचे टंबलर ताटात घेऊन दारातून आत येत होती.

आक्का गाडीत बसल्या. पाय आत घेतले. झगा गोळा केला. किल्ली फिरवली.

आधी जमीन हलली. मग आवाज आला. तो कानांना ऐकू आला असं मी म्हणणार नाही, तो बरगड्यांना ऐकू आला. दवाखान्याच्या काचेच्या कपाटात नमुन्याच्या कवळ्या ठेवलेल्या होत्या, त्या सगळ्या एकमेकींवर आपटून बडबडू लागल्या. राजवाड्याच्या मनोऱ्यावरची झाडून सगळी कबुतरं उडाली. आक्कांनी डोळे मिटले होते. मास्क खाली ओढला होता आणि चेहऱ्यावर असं काही पसरलं होतं की मला बघायला संकोच वाटला. मग त्यांनी पाय आणखी दाबला.

इंजिन बंद झालं तेव्हा शेजारून एक टंबलर अजून फरशीवर गोल गोल फिरत असल्याचा आवाज येत होता.

आम्ही पुढे धावलो तोवर पापनाशमची मंडळी व्हॅनमध्ये बसत होती. मुलाची आई छातीवर हात ठेवून "अपशकुन, अपशकुन" म्हणत होती. मुलाच्या शर्टावर कॉफी होती. सार रेशमी काठाची वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, नेसून रस्त्यात उभे होते. व्हॅन वळून गेली, तरी ते तिकडेच बघत राहिले. आक्का हिरव्या झग्यात, काळ्या हातांनी त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. ते आत गेले आणि दार लावून घेतलं. वरच्या खिडकीत नात दिसली. ती तोंडावर पदर दाबून हसत होती, असं मला वाटलं, पण तेव्हा ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

दोन दिवसांनी पापनाशमहून फोन आला की योग दिसत नाही.

सारांनी वाहतूक पोलिसांत तक्रार दिली. इन्स्पेक्टर आले, चाळिशीतले, रुबाबदार. आक्कांनी दार उघडलं, त्यांच्या ओठांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "डावीकडे खाली. रूट कॅनाल केलं होतं, टोपी बसवायला ये म्हटलं, तू आलाच नाहीस." इन्स्पेक्टरांचा हात आपोआप गालावर गेला. पण माणूस कर्तव्याचा पक्का. गालावर हात ठेवूनच त्यांनी गाडी चालू करायला लावली, आणि तोच हात कानावर नेला. असा आवाज रस्त्यावर चालत नाही, आवाज कमी केल्याशिवाय गाडी बाहेर काढाल तर जप्त करावी लागेल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मग वाकून मागच्या तोंडात बोट घातलं. "डॉक्टर, याच्या आत एक भोकांची नळी असते. ती कुठे आहे?"

आक्कांनी माझ्याकडे बघितलं. मी आकाशाकडे बघितलं.

ती जास्तीची नळी आत सरकवून एक स्क्रू लावला, बस. गाडीचा आवाज एकदम माणसात आला. खाली, जाड, एखाद्या थोराड माणसानं जेवण झाल्यावर स्वतःशीच गुणगुणावं तसा. हाच तो पोटातला आवाज. पण आक्कांनी तो ऐकला आणि लगेच किल्ली काढून घेतली. आनंद वगैरे काही दिसला नाही.

कारण सार तिण्णैवर बसेनासे झाले होते. सकाळी नाही, संध्याकाळी नाही. जाणारे-येणारे "काय, पोरीचं जमलं का?" विचारणार, म्हणून ते दाराबाहेर पडतच नसत. दूध आणायलासुद्धा नात जायची. आक्कांनी डांगराची पचडी करून पाठवली, ती जशीच्या तशी परत आली. त्या खुर्चीत पेपर घेऊन बसत, पण दिवा लावत नसत. खिडकीतून शेजारचा रिकामा ओटा दिसायचा.

"तू सुट्टी घे," एके दिवशी म्हणाल्या. "आपण पापनाशमला जाऊलालो. मी माफी मागणार."

मी पाहत राहिले. आक्का आणि माफी! एकदा चुकीची दाढ काढली होती तेव्हासुद्धा त्या पेशंटला म्हणाल्या होत्या, "हीपण पुढे काढावीच लागली असती."

पापनाशम काही फार लांब नाही. दोन्ही बाजूंना भातशेती, मध्ये रस्ता, गाडी खाली गुणगुणत चाललेली. वाटेत त्या वाक्यं जुळवत होत्या. तमिळमध्ये माफी मागायची की हात नुसते जोडायचे, मुलाच्या आईला अम्मा म्हणायचं की मामी. गाव आलं तशा त्या अस्वस्थ झाल्या. मुलाच्या घराचा रस्ता दिसताच त्यांनी इंजिन बंद केलं.

"काय झालं?"

"परत तोच आवाज घेऊन त्यांच्या दारात जाऊ? उतर. ढकलू."

म्हणून आम्ही दोघी ती लाल स्पोर्ट्स कार ढकलत निघालो. आक्का दार उघडं ठेवून, एक हात स्टिअरिंगवर, आणि मी मागून. इस्त्रीची साडी, उन्हाचा तडाखा. चहाच्या टपरीवरचे दोघं धावत आले, मग रेशनच्या दुकानापुढची रांग निम्मी आली. "पेट्रोल संपलं?" "नाही." "बॅटरी गेली?" "नाही." "मग?" "गाडी चांगली आहे," आक्का म्हणाल्या, "ढकला." पुढे एक म्हातारा लोकांना बाजूला करत चालला, मागे शाळा सुटलेली पोरं. देवाचा रथ ओढावा तसे आम्ही त्या घरापाशी पोचलो. चोरपावलांनी जायचं म्हणून ढकलत आणलेली गाडी बघायला सगळा रस्ता दारात आला होता.

मुलाच्या आईनं आम्हाला ओळखलं. आक्कांनी हात जोडले आणि पाठ केलेलं सगळं म्हटलं. चूक माझी, सारांची नाही, मुलगी गुणी आहे, आवाजाचा आणि तिचा काही संबंध नाही, मनातून काढून टाका. इतकं सलग आणि इतकं नम्र बोलताना मी त्यांना आधी ऐकलं नव्हतं, आणि तेही दातांकडे न बघता.

बाईंनी आम्हाला पंख्याखाली बसवलं, कॉफी दिली. आणि हसून म्हणाल्या, "अहो डॉक्टर, माफी कसली! तुमचे तर उपकार झाले. आमच्या मुलाला फोटो बघूनच मुलगी पसंत नव्हती. रंग सावळा, शिवाय आईबाप नाहीत, आजोबांच्या जिवावर वाढलेली. पण त्या म्हाताऱ्यानं इतकी गळ घातली होती, नाही कसं म्हणायचं? वाटभर आम्ही तेच बोलत होतो. आणि देवानं तुमच्या गाडीतून आवाज काढला."

मुलगा आतल्या दारात उभा राहून फोन बघत होता. त्यानं मान वर केली नाही.

आक्कांनी कॉफीचा टंबलर खाली ठेवला. मला वाटलं, आता या त्याला "आ कर" म्हणणार आणि असं काहीतरी सांगणार की तो जन्मभर झोपणार नाही. त्यांचे ओठ हललेही. पण त्या उठल्या, "येते" म्हणाल्या आणि बाहेर आल्या. गाडीत बसल्या, त्या घराच्या खिडकीखालीच किल्ली फिरवली आणि पाय जाईल तितका खाली दाबून ठेवला. भोकांच्या नळीनं आपल्याकडून शिकस्त केली. तरी आत काहीतरी पडल्याचा आवाज आम्हाला ऐकू आला.

बराच रस्ता मागे पडला. मग समोर बघतच म्हणाल्या, "मज पाहायला आलते, तेव्हा माझ्या अप्पांनी घर रंगवलं होतं. ते लोक खाऊनपिऊन गेले आणि मुलगी फार शिकलेली आहे म्हणून कळवलं. खरं कारण वेगळं होतं, ते गल्लीत कोणी तरी अप्पांना सांगितलं. मग अप्पा तिण्णैवर बसले नाहीत. मी प्रॅक्टिस सुरू केली, पेशंटांची रांग तिण्णैपर्यंत यायची, तरी नाही बसले."

"काय कारण होतं?"

"ते राहू दे. कारण ऐकणाऱ्यालाच टोचतं."

गल्लीत शिरल्यावर त्यांनी गाडी आपल्या दारात न लावता सारांच्या दारात लावली. सार दार उघडून उंबऱ्यात आले. आक्का पापनाशमला गेल्याचं त्यांना कळलं होतं, नातीनं सांगितलं असावं.

"काय म्हणाले?" त्यांनी विचारलं. आवाज कोरडा, पण हातानं चौकट घट्ट धरलेली.

"मुलगी सगळ्यांना फार पसंत होती, सार," आक्का म्हणाल्या. "मुलगा तर अजून तिचं नाव घेतो. पण आईनं त्या आवाजाचा धसका घेतला. ती मानायला तयार नाही. मी पाया पडायचीच बाकी होते. माझ्या गाडीनं जमलेलं लग्न मोडलं."

सारांनी चौकट सोडली. मग त्यांचा चेहरा हळूहळू लाल झाला आणि ते बोलू लागले. त्या दिवशी सारांनी आक्कांना जे सुनावलं ते सगळी गल्ली दारात येऊन ऐकत होती. वय काय, गाडी काय, दातांची डॉक्टर आणि सायलेन्सर उचकटते, एका पोरीच्या आयुष्याचं नुकसान केलं. बोलता बोलता ते उंबरा ओलांडून बाहेर आले, आणि दम लागला तसे तिण्णैवर बसले. बसून आणखी बोलले. आक्का रस्त्यात उभ्या राहून मान खाली घालून "होय, सार" म्हणत होत्या. नात खिडकीतून बघत होती. तिला काय कळलं, काय नाही, मला ठाऊक नाही. पुढे ती आक्कांकडून गाडी शिकली आणि तिरुचीला नोकरीला लागली, आणि घरी आली की आक्कांच्या खुर्चीत बसून तासन् तास बोलायची, एवढं मी पाहिलं.

दुसऱ्या दिवसापासून सार तिण्णैवर. ताठ, विभूती लावून. कुणी विचारायचा अवकाश, ते स्वतःच सांगत. पापनाशमचा मुलगा, सोन्यासारखं स्थळ, ठरल्यातच जमा होतं, आणि ही डॉक्टरम्मा! मुलगा खरं म्हणजे एका खताच्या दुकानात हिशेब बघायचा. सारांच्या सांगण्यात तो आधी मॅनेजर झाला, मग चेन्नईला गेला, मग इंजिनिअर झाला. ऐकणारा शंकेनं आक्कांकडे बघायचा. आक्का गाडी पुसता पुसता सांगायच्या, "आमाम्, होय तर, मी पाहिला की. इंग्लिश काय बोलतो!"

"तुम्ही कशाला त्यात भर घालता?" मी एकदा विचारलं.

"मोडलंच आहे ते लग्न," त्या म्हणाल्या. "मग चांगल्यापैकी मुलाशी मोडू दे की."

माझी बदली सांगलीला झाली तेव्हा सामानासाठी टेम्पो आला. ड्रायव्हर परगावचा होता. दोरी बांधता बांधता त्यानं लाल गाडीकडे बघून काहीतरी विचारलं, आणि सारांनी तिण्णैवर मांडी बदलून पहिल्यापासून सुरुवात केली. मुलगा आता सिंगापूरला पोचला होता. मोठी कंपनी, स्वतःचं घर.

आक्का माझी बादली आणि इस्त्री घेऊन पायऱ्या उतरत होत्या. त्या मध्येच थांबल्या.

"दोन घरं, सार," त्या म्हणाल्या.

सारांनी डोळे मिटून, जड मनानं मान हलवली. "दोन," ते ड्रायव्हरला म्हणाले. "दोन घरं होती."